गळ्यातलं बटण

माझी मावशी मानववंशशास्त्र शिकली. म्हणजे नेमकं काय, हे आमच्या घरात कुणालाच कळलं नाही. बाबा तिला 'चौकशी खातं' म्हणायचे. ती लोकांच्या शेजारी बसून राहते आणि त्यावर तिचं पोट भरतं, एवढंच मला ठाऊक होतं.

एकदा तिला एका वृद्धाश्रमाने बोलावलं. तिथे प्रत्येकाच्या गळ्यात बटण होतं. पडलं-झडलं तर दाबायचं, की मदतनीस हजर. तरीही सात नंबरच्या मास्तरीणबाई न्हाणीघरात पडल्या आणि दोन तास तशाच पडून राहिल्या. खुब्याचं हाड मोडलं. बटण गळ्यातच होतं.

"म्हातारी माणसं, विसरतात," व्यवस्थापक म्हणाले. "बटण मोठं करायचं की लाल, तेवढं सांगा."

मावशी व्हरांड्यात स्टूल टाकून बसली. पहिला आठवडाभर सगळ्यांनी तिला "विसरलो" एवढंच सांगितलं. वॉकर घेऊन परतलेल्या मास्तरीणबाईंना तीस वर्षांपूर्वीच्या पोरांचे हजेरी क्रमांक पाठ होते, पण बटण म्हणे विसरल्या. मावशीने ते वहीत लिहून घेतलं आणि त्यांच्याबरोबर मटार सोलायला लागली.

तिसऱ्या आठवड्यात तिला भिंतीवर चमचा वाजलेला ऐकू आला. निवृत्त पोस्टमनकाका काठी टेकत शेजारच्या खोलीत गेले, तिथल्या आजोबांना हात देऊन उठवलं आणि काही घडलंच नाही अशा चेहऱ्याने परत आले. आश्रमभर हाच कारभार चालला होता. मास्तरीणबाई त्या दिवशी न्हाणीघरात न्यायला विसरल्या होत्या तो फक्त चमचा.

"बटण का नाही दाबत?" मावशीने पोस्टमनकाकांना विचारलं.

"तीनदा दाबलं की वर नेतात."

वर म्हणजे तिसऱ्या मजल्यावर, अंथरुणाला खिळलेल्यांमध्ये. व्यवस्थापकांच्या फायलीत तसा नियम होता. तो कुणाला सांगितला नव्हता, पण कोण कितव्यांदा दाबून वर गेलं हे या विसरभोळ्या मंडळींनी चोख लक्षात ठेवलं होतं.

मावशीचा अहवाल दीड पानाचा झाला. बटणाच्या रंगाबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. व्यवस्थापकांनी नाक मुरडलं, पण नियम काढला आणि तशी पाटी लावली. दुसऱ्याच दिवशी मास्तरीणबाईंनी बटण दाबलं. मदतनीस धापा टाकत आली, तर बाई म्हणाल्या, "बल्ब गेलाय." वर नेतात का, ते त्यांना बघायचं होतं.

गेल्या वर्षी मावशी स्वतःच्या बाथरूममध्ये पडली. सत्तरी ओलांडलेली, एकटी राहणारी. फोन खिशात होता आणि मी दहा मिनिटांवर राहते. पण ती मगाने बादली वाजवत बसली. तासाभराने खालच्या शिंप्याला ऐकू गेलं. मला रागाने रडू कोसळलं.

"मला फोन का नाही केलास?"

"मागे गॅस चालू राहिला, तेव्हा तू काय म्हणालीस?"

मी म्हणाले होते, आता पुन्हा असं काही झालं तर बिऱ्हाड गुंडाळायचं आणि आमच्याकडे राहायला यायचं. तिच्या काळजीनेच म्हणाले होते. व्यवस्थापकांच्या मनातही बहुधा काळजीच असावी.

मी शब्द मागे घेतला. फार जिवावर आलं. मावशीने नुसती मान डोलावली.

चौथ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. मी चपला पायात सरकवतच विचारलं, "पडलीस?"

"नाही गं. बल्ब गेलाय."

बल्ब ठणठणीत होता. तरी मी तो बदलला आणि एकटीच घरी आले.