खडकावरच्या बगळ्याचा फोटो

गल्लीच्या तोंडाशी असलेल्या फोटो स्टुडिओचे मालक म्हणजे सगळ्यांचे काका. पासपोर्टचे फोटो काढता काढता त्यांची हयात गेली. ‘हलू नका’ म्हणायची सवय अंगात इतकी मुरलेली, की एकदा वाढायला आलेल्या काकूंनाही ते तसं म्हणून गेले. त्या दिवशी त्यांना भाजी दुसऱ्यांदा मिळाली नाही.

सुट्टीच्या दिवशी मात्र काका उजाडायच्या आत कॅमेरा आणि स्टँड उचलून समुद्र गाठायचे. जन्मभर माणसांना स्थिर बसवणाऱ्या या गृहस्थाला वेड होतं वाहत्या पाण्याचं आणि किनाऱ्यावरच्या पक्ष्यांचं. लेन्ससमोर काळी काच लावली आणि कॅमेरा मिनिटभर उघडा ठेवला, की लाटा फोटोत दुधासारख्या सपाट होतात. हलतं ते सगळं पुसलं जातं, स्थिर तेवढं उरतं. एका सकाळी खडकावरच्या बगळ्याने त्यांना साथ दिली. पठ्ठ्या अख्खं मिनिट एका पायावर उभा राहिला, मानसुद्धा वळवली नाही. काकांनी तो फोटो मोठा करून दुकानात लावला आणि येईल त्या गिऱ्हाइकाला कोडं घालायला लागले.

“यात एक माणूस आहे. शोधून दाखवा.”

लोक डोळे बारीक करून दमायचे. मग काका खुशीत सांगायचे, “एक जण नेमका मधे पोहत होता. किती खुणा केल्या, हटेना. म्हटलं थांब, तुला गायबच करतो. लावली काळी काच, झाला साफ.” काकूंना हा विनोद पाठ होता. कात्रीने फोटो कापता कापता त्या मान न उचलता हसायच्या.

परवा एक वायरमन लायसन्सच्या फोटोसाठी आला. काकांनी कोडं घातलं. तो भिंतीजवळ गेला. मग खडकाच्या डावीकडे, दुधाळ पाण्यावर, नेमक्या जागी त्याने बोट ठेवलं.

काका चाट पडले. “कमाल आहे तुमची. कसं ओळखलंत?”

“तो मीच होतो,” वायरमन म्हणाला. “पायात गोळा आला होता. हात वर करून ओरडत होतो, पण लाटांपुढे कुणाला ऐकू जाणार?”

काकूंची कात्री थांबली.

“किनाऱ्यावर एक जण दिसला. त्याने जोरजोरात हात केला. म्हटलं, पाहिलं याने, आता आपण मरत नाही. त्याच धीरावर तरंगत राहिलो. मग होडी आली.” त्याने काकांचे दोन्ही हात घट्ट धरले. “तुम्हीच पाठवलीत ना ती? कुठे कुठे शोधलं तुम्हाला.”

काकांनी नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. त्यांनी काकूंकडे पाहिलं. काकू त्यांच्याकडे बघत होत्या, आणि तसं त्यांनी याआधी कधीच बघितलं नव्हतं.

“होडी मी नाही पाठवली,” काका म्हणाले. “मी बाजूला व्हा म्हणत होतो. तुम्ही फोटोत मधे येत होतात.”

“आणि मी हात वर केलेला?”

“दिसला होता.”

“मग?”

“काच लावली. फोटो झाला, घरी आलो.”

वायरमनने हात सोडले. तो पुन्हा फोटोकडे वळला. जिथे त्याने जिवाच्या आकांताने हातपाय मारले होते, तिथे साधा तरंगही नव्हता. बगळा मात्र ऐटीत उभा होता. इतके दिवस आल्यागेल्याला आपण हसत हसत काय दाखवत होतो, ते काकांना आत्ता कळलं.

आता हा अंगावर येणार, असं त्यांना वाटलं. आला असता तर बरंच वाटलं असतं. पण तो मुकाट्याने स्टुलावर जाऊन बसला आणि कॉलर नीट केली. लायसन्सला फोटो तर हवाच होता.

काका कॅमेऱ्यामागे गेले. चौकटीच्या बरोबर मधे तो बसला होता आणि सरळ त्यांच्याकडे बघत होता.

“काका, आता दिसतोय ना मी?”

“दिसताय.” पुढचं ‘हलू नका’ काही त्यांच्या तोंडून फुटेना, आणि बोटही बटणाकडे जाईना.

शेवटी बटण काकूंनी दाबलं.