सुपातल्या गोळ्या

गोळ्यांच्या बाटलीचा कडवट वास आला की मला दातिवऱ्यातल्या आमच्या घराचा ओटा दिसतो. मी आणि पंढरी त्या एकाच कोळी गावचे, दोघे फौजेत, दोघांनाही मलेरिया. लष्करी रुग्णालयात नव्या औषधाची चाचणी चालू होती. कुणाला औषध, कुणाला नुसती पिठाची गोळी. कुणाची कोणती, ते सांगत नसत.

आपापली गोळ्यांची बाटली घेऊन दोघे रजेवर आलो, तेव्हा चाचणीचं ऐकून माझ्या आईने दोन्ही बाटल्या हुंगल्या. वास सारखाच होता. खरी कोणती ते कळेना, तेच तिला खटकलं.

“एकाला खरी नि एकाला खोटी? आपल्या होडीवर असं चालत नाय.” तिने सगळ्या गोळ्या सुपात ओतून कालवल्या आणि मासळीसारखे दोन सारखे वाटे घातले.

पंढरी आता नाही. म्हातारपणी आता मुलगा रोजची गोळी देतो, ती मी आधी हुंगतो आणि नकळत अर्धी बाजूला ठेवतो.