फ्लेक्सवरची तलवार

वाटूर फाट्यावर एका जुन्या पेंटरचं फ्लेक्सचं दुकान आहे. पूर्वी तो ब्रशनं पाट्या रंगवायचा. आमच्या शाळेची भिंतही त्यानंच रंगवली, तेव्हा टर्पेंटाइनचा वास दिवसभर वर्गात यायचा. एक डोळा मिटायचा, श्वास रोखायचा आणि अक्षर पुरं झालं की स्वतःलाच "बराबर" म्हणायचा. आता कॉम्प्युटरसमोरही तो एक डोळा मिटूनच बसतो.

निवृत्तीनंतर मी सकाळी तिथं पेपर वाचत बसतो. परवा एक तरुण वाढदिवसाचं बॅनर करायला आला. त्यानं दिलेल्या फोटोत काळा गॉगल होता आणि हातात तलवार. नावापुढं 'भाई' लावायचं होतं.

"काम काय करून राह्यला रे सध्या?" हे पेंटर प्रत्येकाला विचारतो.

"काम न्हाई. रील टाकतो. तलवार दिसली की लोक बघतात."

"तलवार काढून टाकू?"

"मंग मला कोण वळखतंय, काका?"

त्यानं माउस सोडला आणि एक डोळा मिटून पोराकडं पाहिलं. "मी वळखतो. शाळेच्या भिंतीवर मी मोर काढला, तवा पिसारा तू रंगवल्ता. एक रेघ भायेर गेली न्हवती."

पोरगा मोबाइलमधले फोटो चाळू लागला. मग "दुसरा फोटो बघतो" म्हणत निघाला. जाताना माझ्यापाशी थांबून म्हणाला, "येतो, गुरुजी."

त्या मोराखाली मी वर्षानुवर्षं प्रार्थना घेतली. आणि स्क्रीनवरचं नाव वाचूनही मला तो पोरगा आठवला नव्हता.