साहेबाशेजारचा माणूस

नगरची ती चोरी काही केल्या माझ्या डोक्यातून जात नाही. बहात्तरच्या दुष्काळाआधीची गोष्ट. तिथल्या एका जुन्या क्लबात गोल्फचं छोटंसं संग्रहालय होतं. गोऱ्या साहेबांच्या काठ्या, चांदीचे चषक, नामांकित खेळाडूंचे फोटो. त्यातला एक फोटो गेला आणि शेजारचे चषक मात्र जागच्या जागी! पंचनामा करतानाच मला काळंबेरं वाटू लागलं. चांदी सोडून कागद नेणारा चोर मी तोवर पाहिला नव्हता.

"फोटोत कोण होतं?" मी क्लबच्या सेक्रेटरींना विचारलं.

"आमचे सर्वांत मोठे खेळाडू. मैदानावर एकटेच उभे. वॉचमनला आत टाका, किल्ली त्याच्याकडेच असते. फोटो पूर्ण परत आला तर ठेवीन त्याला, नाहीतर हाकलतो."

एवढी घाई का? मला त्यांचाही संशय आला. पण समोरच्या चहावाल्याने खबर दिली, की वॉचमन भर दुपारी पोत्यात काहीतरी चपटं गुंडाळून एसटी स्टँडकडे गेला होता. त्याला ठाण्यात आणलं.

"मला न्हाई ठावं, सायेब," एवढंच त्याचं पालुपद. दरडावून झालं, चहा पाजून झाला. शेवटी जबाबात लिहायचं म्हणून विचारलं, "फोटोत होतं कोण?"

"सायेब आन् आमचं दाजी."

बोलला आणि त्याने जीभ चावली.

दाजी म्हणजे त्याच्या बहिणीचा नवरा. साहेबाची काठ्यांची बॅग वाहायचा, पुढे तरुणपणीच वारला. बहीण मिरजगावला राहत होती. लगेच जीप काढली.

दारात लग्नाचा मांडव. आत भिंतीवर फोटोचा अर्धा तुकडा, हळदकुंकू लावून हार घातलेला. हळदीने माखलेली नवरी त्याच्याकडे टक लावून बसली होती.

"ही पोटात हुती तवा त्ये गेलं," बहीण रडत म्हणाली. "दुसरा फोटूच न्हाई त्यांचा. बापाच्या पाया पडल्याबिगर लेकीला बोहल्यावर कशी चढवू?"

"आणि साहेब कुठे आहे?"

तिने पेटीतून धुतलेल्या फडक्यात बांधलेला दुसरा तुकडा काढला. "त्यो तुमचा हाय. त्येला धक्का लावला न्हाई आमी."

भिंतीवरचाही मुद्देमालच होता. माझा हात काही उचलेना. साहेबाला तेवढं घेऊन मी परतलो.

तुकडा सेक्रेटरींपुढे ठेवला. त्याच्या कडेला बॅगेचा पट्टा आणि तो धरलेली चार बोटं उरली होती. मी विचारलं, "नीट बघा. सगळा मिळाला?"

त्यांनी चष्मा लावून पाहिलं. "हाच. पूर्ण आहे." तक्रार नसल्याचं त्यांनी सहीनिशी लिहून दिलं. वॉचमनची नोकरी राहिली.

काय चोरीला गेलं हे फिर्यादीला माहीत असतं, असं मी तोवर धरून चालायचो. त्यानंतर कधीच धरलं नाही.