कापायला ठेवलेलं अर्धं

बाकीच्या खात्यांतली माणसं निवृत्त होताना भिंतीवरचं घड्याळ घेऊन घरी जातात, आम्ही पाणीपट्टीवाले किस्से घेऊन जातो. पाणी सगळ्यांना लागतं आणि त्याचा दर कुणालाच पटत नाही, मग किस्से साठणारच. आयटीवाले आले आणि पुणं चहूकडे पसरलं, त्या काळात मी पाणीपट्टीचा दर ठरवणाऱ्या टेबलावर होतो. आम्ही तिघं: देवधरसाहेब, हेडक्लार्क मुलाणी आणि मी.

मुलाणींनी पहिल्याच दिवशी रीत शिकवली. "हवी तेवढी दरवाढ कधी मागायची नाही. दुप्पट मागायची. समिती निम्मी कापते, पेपरात 'नागरिकांना दिलासा' छापून येतं, आणि आपल्याला हवं ते मिळतं."

"आणि वरचं निम्मं कशाला हवंय, असं विचारलं तर?"

"म्हणून त्यात कामं दाखवायची. कापली तरी कुणी ओरडणार नाही अशी."

अशा कामांची यादी तयारच असायची. दरवर्षी तारीख बदलून तीच लावायची. तिच्यात तिसरं काम होतं, 'मांजरीकडील लोंढे वस्तीस जलवाहिनी'.

०००

मंजुरीआधी नागरिकांची सुनावणी असे. कोथरूडचे एक निवृत्त गृहस्थ कायम पहिल्या रांगेत. एकदा साहेब म्हणाले, "आता प्रत्येक नळाला मीटर बसवायचा विचार आहे."

गृहस्थ उठले. "अवश्य बसवा. पण त्याआधी त्या भिंतीवरच्या घड्याळात सेल घाला. अकराची सुनावणी आपण पावणेबाराला सुरू केलीत, आणि ते अजून दहाच दाखवतंय."

साहेबांनी ही 'सूचना' म्हणून रीतसर नोंदवून घेतली. पुढच्या सुनावणीलाही घड्याळात दहाच वाजले होते.

०००

त्याच सुनावणीला दरवर्षी लोंढे वस्तीवरून दोन बस बदलून लोंढेबाई यायच्या. साठीच्या, हातात प्लास्टिकची पिशवी. अख्ख्या सभागृहात दरवाढीच्या बाजूनं बोलणाऱ्या त्या एकट्या.

"वाढवा की सायेब. पण आमच्याकडं लाइन आणा. टँकर आला की पोरी शाळा सोडून हंडे घेऊन पळत्यात."

कोथरूडकर मागे वळून म्हणाले, "बाई, आपण चुकीच्या बाजूला बसला आहात."

लोंढेबाई उठल्या आणि आमच्या टेबलाशेजारी खुर्ची ओढून बसल्या.

फॉर्मवर 'दरवाढीस पाठिंबा' असा रकानाच नव्हता. मुलाणींनी त्यांचं म्हणणं 'इतर'मध्ये टाकलं. साहेब त्यांना म्हणाले, "बाई, प्रस्तावात तुमची लाइन आहे." ते खोटंही नव्हतं. बाई समाधानानं परत गेल्या.

०००

मग कन्सल्टंट आला. टाय, लॅपटॉप, रंगीत स्लाइड. दर ठरवण्याआधी लोकांची किती द्यायची तयारी आहे ते विचारायला हवं, म्हणून त्यानं शहरभर सर्वे केला. कोथरूडकरांनी लिहून दिलं, 'सध्याचेच जास्त आहेत'. लोंढेबाईंनी आपण टँकरला देतो तो आकडा सांगितला. तो शहरात सगळ्यांत मोठा निघाला.

"हा आउटलायर आहे सर, ॲव्हरेज बिघडवतोय," असं म्हणून कन्सल्टंटनं तो डिलीट केला.

साहेब म्हणाले, "त्यांना आम्ही दरवर्षी काढतोच. आता तुम्हीपण काढलंत."

कन्सल्टंटला काही कळलं नाही. मला कळलं आणि लाज वाटली. पण पुढच्या वर्षीची यादी मीच टाइप केली, तारीख बदलून.

०००

एका वर्षी भलतंच झालं. निवडणूक नुकतीच होऊन गेली होती, समितीत सगळे नवे. आमची रीत त्यांना कुणी सांगितलीच नव्हती. त्यांनी आख्खा प्रस्ताव जसाच्या तसा मंजूर केला.

"अहो, कापलंच नाही," मुलाणी दिवसभर एवढंच म्हणत होते.

आता यादीतली कामं करणं भाग होतं. लोंढे वस्तीची फाइल उघडली तर आत एकच कागद, मी टाइप केलेला. मोजणी नाही, नकाशा नाही. जे कापलंच जाणार त्याचा नकाशा कोण काढत बसतो?

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं जीपनं लोंढे वस्तीवर गेलो, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. उतरलो तर हमरस्त्यावरच्या मेन लाइनपासून थेट वस्तीपर्यंत चुन्याच्या फक्कीची पांढरी रेघ मारलेली. विहीर टाळून, चिंचेला वळसा घालून, प्रत्येक दारापाशी एक फाटा.

साहेब रेघेवरून चालत गेले आणि चालत परत आले. "आपला कोण इंजिनिअर येऊन गेला इथं?"

"मीच मारलीय," लोंढेबाई म्हणाल्या. "दर साली सुनावणीवरनं आलं की मारून ठेवते. तुमी आलात तर खोळंबा नको."

"दर साली?" मुलाणींनी विचारलं.

"पावसात पुसून जाती ओ," बाई म्हणाल्या. "त्याला तुमी तरी काय करणार."