पुनाचा फोटो, अभिमनची सही

धुळ्यात फोटोंना चौकटी बसवून देणारे लोटनभाऊ लढाईवर गेलेल्या खानदेशी शिपायांचे जुने फोटो जमवतात. अट एकच, फोटोवर शिपायाची स्वतःची सही हवी. जुना फोटो चौकट बदलायला आला, की ते आधी मागचा पुठ्ठा काढून पाहतात. सही निघाली, तर घरच्यांना मोठी नवी प्रत चौकटीत बसवून देतात आणि मूळ फोटो मागून घेतात. बारा वर्षांत असे त्रेसष्ट जमले.

१९९० च्या चैत्रात कापडण्याच्या यशोदाबाई वडिलांचा फोटो घेऊन आल्या. काच तडकली होती. वडील पुना दुसऱ्या महायुद्धावर गेले तेव्हा त्या पाळण्यात होत्या. ते इटलीत मारले गेले आणि त्यांची पत्र्याची पेटी घरी आली. फोटो त्या पेटीतला. तोवर आईही वारली होती. फोटो भिंतीवर लावला विधवा चुलतीने. हा पुना वाटत नाही, असे गावातले एकदोघे म्हणाले. पण चुलतीने जेठासमोर, म्हणजे या थोरल्या दिरासमोर, कधी घुंगट वर केला नव्हता, तिला चेहरा ठाऊकच नव्हता. पलटणीत माणूस बदलतो, असे म्हणून तिने विषय मिटवला. तेव्हापासून दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांची घागर भरली, की फोटोतल्या कपाळाला कुंकू लागत होते.

लोटनभाऊंनी पुठ्ठा काढला. मागे मोडीत लिहिले होते : ‘मित्र पुना यास. अभिमन, मुक्काम अडावद, तालुका चोपडा. कैरो, १९४३.’ मोडी त्यांना वडिलांनी शिकवलेली. गप्प बसले असते, तर चौसष्टावा फोटो त्याच दिवशी मिळाला असता.

“अक्का, हे तुमचे वडील नाहीत,” ते म्हणाले.

यशोदाबाईंनी फोटो उचलून जवळून पाहिला. मग म्हणाल्या, “मंग मना बाप दिसे कसा?”

वेगवेगळ्या आघाड्यांवर निघालेले सोबती सही करून आपापले फोटो एकमेकांना देत. लोटनभाऊंनी असे बरेच पाहिले होते. म्हणजे पुनाचा फोटो अभिमनकडे असायला हवा. त्यांनी त्या पत्त्यावर कार्ड टाकले. आठ दिवसांत उत्तर आले : ‘मी जिवंत आहे. पुनाचा फोटो आहे. पोरीला घेऊन या.’

दोघे एस.टी.ने अडावदला गेले. अभिमनआबा बाहत्तर वर्षांचे, ओट्यावर केळी खात बसलेले. सगळी हकिकत ऐकून त्यांनी साल बाजूला ठेवली.

“म्हनजे मी जित्तो शे, नी तू माले पितरस्मा बसाडं?”

“मंग काय करू, आबा? तुम्हीन कधी सांगं नही.”

“तरीच,” आतून प्रमिलाबाई, त्यांची बायको, म्हणाल्या. “सारा गाव खोकलस, याले काही व्हत नही.”

आबा हसता हसता ठसकले. पाणी पिऊन आत गेले आणि धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला फोटो घेऊन आले. खाली कोपऱ्यात वाकडी बाळबोध सही होती, ‘पुना’. पु मोठा, ना बारीक.

“सही मीच शिकाडी त्याले,” आबा म्हणाले. “नाक देख. तुनंच शे.”

यशोदाबाईंनी फोटो उजेडाकडे धरला. नाक खरोखर त्यांचेच होते, टोकाशी किंचित डावीकडे वळलेले. त्यांनी स्वतःच्या नाकाला हात लावून पाहिला. प्रमिलाबाईंनी फोटो फडक्यासकट त्यांच्या पदरात घातला. लोटनभाऊंनी तो मागितला नाही. पुठ्ठा कसा बदलावा, एवढेच सांगितले.

चहा झाला. यशोदाबाईंनी विचारले, “आबा, तो बोले कसा?”

“बोले कमी. पलटनमा खेचरं हाकतांना वरडे.”

“कसा?”

आबांनी एकदा रस्त्याकडे पाहिले, छाती भरून घेतली आणि सत्तेचाळीस वर्षांपूर्वी पुना जशी द्यायचा तशी हाळी दिली. समोर बांधलेला बैल उठून उभा राहिला. शेजारचे दोघे दारात आले. यशोदाबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या.

“पुन्हा,” त्या म्हणाल्या.

आबांनी पुन्हा दिली. शेवटची गाडी निघण्याआधी त्यांनी ती पाच वेळा दिली आणि सहाव्या वेळी यशोदाबाईंनी स्वतः देऊन पाहिली.