सातव्या सिनेमाचा पहिला डबा

दादाच्या दुःखाला येणारी माणसं दोन मिनिटं मान खाली घालून बसतात. तिसऱ्या मिनिटाला कुणीतरी खाकरतो. "त्या गोडाऊनमधलं आठवून राहिलंय का रे सिद्धा?" झालं! एक किस्सा निघाला की त्याचं बोट धरून दुसरा येतो. आत आई रडते, बाहेर माणसं हसतात. मला दोन्हीकडे बसवत नाही, म्हणून मी दारात उभा राहतो. महिना व्हायचाय अजून, पण किस्से इतके झालेत की झोपायला गेलो तरी टोचतात. म्हणून मीच सांगून टाकतो.

दादा म्हणजे गौतम, माझा थोरला भाऊ. जिल्हा कचेरीत क्लार्क. लातूर जिल्हा नवा नवा झाला होता, कचेऱ्या भाड्याच्या घरांत, टेबलं कमी आणि साहेब जास्त. दादा म्हणाला, "नांदेडला फिल्म सोसायटी हाय. आपण बी आता जिल्हा हाव. आपल्याला का न्हाई?"

नांदेडवाल्यांनी त्यांचा महोत्सव उरकून ट्रंक आमच्याकडे पाठवली. आत ब्रिटन आणि आयर्लंडचे सात नवे सिनेमे, एकेका सिनेमाचे रिळांचे तीन-तीन डबे. सोबत चिठ्ठी: "प्रेक्षकांनी शांतता राखल्यास चित्रपट अधिक उलगडतात." दादानं चिठ्ठी वाचली आणि माईक उसना आणायला गेला!

कारण बघायला येणाऱ्यांत इंग्रजी कुणाला येत होतं? दादाला कचेरीपुरतं यायचं. सकाळी दादा आणि मी दोघंच सिनेमा बघायचो. मी प्रोजेक्टर चालवायचो. चौथीतून शाळा सोडली, पण मशीन मला कळतं. दादा कचेरीच्या कोऱ्या पाठीच्या कागदांवर लिहून घ्यायचा. दुपारच्या खेळाला मी आवाज बारीक करायचो आणि कचेरीतून सटकून आलेला दादा माईकवर आमच्या बोलीत सगळं सांगायचा.

असे सहा सिनेमे दादानं सांगितले. सातव्याचा पहिला डबा बघून, तेवढं लिहून तो कचेरीला निघाला, आणि औसा रोडला पाण्याच्या टँकरनं त्याची सायकल उडवली.

सातव्याचं शेवटी सांगतो.

०

जागा मार्केट यार्डातलं गोडाऊन. दुष्काळानं धान्यच आलेलं नव्हतं, म्हणून रिकामं मिळालं. दारं लावली की भरदुपारी अंधार. फक्त पत्र्याला भोकं होती, त्यातून उन्हाचे ठिपके पडद्यावर पडायचे.

एक हमाल ओरडला, "पांढरं पांढरं काय हाय ते?"

दादा माईकवर म्हणाला, "विलायतेत दिवसा बी चांदण्या दिसतात!"

लोकांनी मान्य केलं. दुसऱ्या दिवशी तोच हमाल मुरुडहून आलेल्या आपल्या पाहुण्याला चांदण्या दाखवत होता.

०

त्या सिनेमांत सारखा पाऊस! लग्नाला पाऊस, भांडणाला पाऊस, नोकरी गेली तरी पाऊस. आमच्याकडे दोन वर्षं नळाला नुसती हवा. पडद्यावर थेंब पडला की गोडाऊनमध्ये शिट्ट्या.

एका सिनेमात म्हातारीची मयत निघते आणि धो धो कोसळतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दादानं माईकवरून झापलं, "अरे, मयत हाय! लाज वाटू द्या जरा!"

गोडाऊन झाडायला येणारी शेवंतामावशी पुढच्या रांगेतून म्हणाली, "मयत त्यांची हाय बाबा, पाऊस आमचा हाय."

मला तो तुकडा परत लावावा लागला. म्हातारी दोनदा गेली!

०

आमच्या सोसायटीचे अध्यक्ष काझी सर. हायस्कुलात इंग्रजी शिकवून रिटायर झालेले, पांढरी टोपी, काळी छत्री. दुष्काळात अख्ख्या लातुरात एकच छत्री उघडायची, ती काझी सरांची, आणि तीही गोडाऊनमध्ये. पडद्यावर बाई-माणूस फार जवळ आले की सर उठायचे आणि लेन्ससमोर छत्री धरायचे. पडदा काळा. तेवढा वेळ दादा सांगायचा, "एकमेकांच्या तब्येतीची चौकशी चाललीय."

एकदा चौकशी फारच लांबली. सरांचा हात भरून आला. मागून एकजण बोलला, "सर, डॉक्टरला बोलवा की!"

०

पण सरांची खरी दहशत होती त्यांच्या कानाची. दादा भरात आला की पदरचं घालायचा. सर खुर्चीतूनच वर्गातल्यासारखे गरजायचे, "गलत!"

पडद्यावर एक खाणकामगार बायकोला काहीतरी बोलला. दादा म्हणाला, "तो म्हणतोय, जीव गेला तरी संप सोडणार न्हाई."

"गलत! तो चहात साखर मागून राहिलाय!"

"सर, साखर मागताना एवढा आवाज चढतो व्हय?"

"त्याचा चढतो. तू जे हाय ते सांग."

सिनेमा कुठलाही असो, सरांनी एक चूक कधी सोडली नाही. दादा घरी येऊन म्हणायचा, "सिद्धा, एक दिवस सरांकडून 'बराबर' ऐकायचंय मला."

०

आता माझी चूक. डब्यांवर आम्ही खडूनं एक, दोन, तीन टाकायचो. शेवंतामावशीनं धूळ बसली म्हणून सगळे डबे पदरानं पुसले. मी पहिल्यानंतर तिसरा लावला. सिनेमातल्या कोळ्याचा म्हातारा बाप पहिल्यात चालत-बोलत होता, तिसऱ्यात त्याची कबर दिसली. मग मी दुसरा लावला, आणि म्हातारा खुर्चीत बसून पाइप ओढत होता!

दादानं माझ्याकडे असं बघितलं की मी प्रोजेक्टरमागं लपलो. सर "गल..." म्हणत उठलेच होते. पण शेवंतामावशीनं हात जोडले. "बघा! माणूस मरत न्हाई. दुसऱ्या डब्यात असतंय."

त्या दिवशी पहिल्यांदा सर वाक्य अर्धं सोडून खाली बसले.

०

दादाला जाऊन पाच दिवस झाले आणि नांदेडहून निरोप आला, ट्रंक परत पाठवा. मी उठलो. आईनं अडवलं, चुलत्यानं अडवलं. मी म्हणालो, "सातवा दाखविल्याबिगर डबे हालणार न्हाईत."

गोडाऊन भरलं. काझी सर माईककडे आले. "सिद्धा, तू मशीन बघ. मी बोलतो."

"माईकला हात लावाल तर बघा!" मी म्हणालो. सरांना! ते गुपचूप खुर्चीत जाऊन बसले.

पहिला डबा मी दादाच्या कागदावरून अडखळत वाचला. "मंडळी, हे दोघं भाऊ हायेत. धाकटा भित्रा हाय. पाऊस लई हाय, पण मोठा पुढं चाललाय, त्याला वाट ठावं हाय." शिट्ट्या वाजल्या. कागद संपला.

दुसऱ्या डब्याला माझ्याकडे काहीच नव्हतं. दिसेल ते सांगत गेलो. मोठा होडी घेऊन समुद्रात गेला. वादळ आलं. मग सकाळ झाली आणि होडी काठाला लागली, रिकामी. काठावरच्या माणसांनी टोप्या काढल्या. धाकटा उभाच.

सगळे वळून माझ्याकडे बघून राहिले. टोपी कशाला काढतात, ते त्यांनाही कळत होतं.

मी माईकवर म्हणालो, "मोठा पलीकडच्या काठाला उतरलाय. तिथं काम हाय त्याचं."

सर हलले. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. डबा संपला. तिसरा डबा माझ्या पायाशी होता. तो मी ट्रंकेत टाकला, वर बसलो, आणि पहिला डबा उलटा गुंडाळून पुन्हा चढवला.

पाऊस सुरू झाला. मोठा पुढं, धाकटा मागं.

"हे बघा," मी म्हणालो, "मोठा आला."

कुणी शिट्टी मारली नाही. मी 'गलत' ऐकायची वाट बघत होतो.

अंधारात खुर्ची करकरली. काझी सर उभे राहिले, आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बराबर!"